दाविदाचे कुळ : दैव आणि पुरुषार्थ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कुळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. ज्या नदीचे पाणी आपण भक्तिभावाने पितो तिच्या उगमाशी चिखल असायचा, आणि ज्याच्या पायांवर डोके ठेवतो त्या ऋषीच्या आजीपणजीची एखादी गोष्ट चारचौघांत सांगण्याजोगी नसायची. तेव्हा मुळाशी न जाणे हेच शहाणपणाचे. ज्यू लोकांनी मात्र हे शहाणपण मानले नाही. ज्या दावीद राजाच्या वंशात पुढे मशीहा, म्हणजे लोकांच्या उद्धारासाठी येणारा अभिषिक्त राजा, जन्माला यायचा आहे अशी त्यांची दोन हजारांहून अधिक वर्षांची श्रद्धा, त्या राजाचे कुळ त्यांनी शोधले, लिहून ठेवले, आणि त्यात झाकून ठेवण्यासारखे जे जे होते ते पवित्र ग्रंथातच नोंदवले. एवढे करूनही ते थांबले नाहीत. पुढच्या पिढ्यांतील पंडितांनी त्या नोंदींवर शेकडो वर्षे वाद घातला.

कुळ थोडक्यात असे. सोदोम नगराचा नाश झाल्यावर लोट आपल्या दोन मुलींना घेऊन डोंगरातल्या एका गुहेत राहिला. सारे जग बुडाले, आता पुरुष म्हणून कोणी उरला नाही, असे त्या मुलींना वाटले. त्यांनी बापाला द्राक्षारस पाजला आणि बापापासूनच त्यांना दिवस गेले. थोरलीचा मुलगा मवाबी लोकांचा मूळपुरुष झाला, धाकटीचा अम्मोनी लोकांचा. इकडे याकोबाचा मुलगा यहूदा. त्याच्यापासून त्याच्या विधवा सुनेला, तामारेला, जुळे झाले. त्यांतल्या पेरेसाच्या वंशात पुढे बवाज झाला. बवाजाने लग्न केले ते मवाबातून आलेल्या रूथ नावाच्या विधवेशी. त्यांचा मुलगा ओबेद, त्याचा इश्शाय, आणि इश्शायाचा दावीद. दाविदाने दुसऱ्याची बायको पळवली, ती बथशेबा. तिचा मुलगा शलमोन. शलमोनानंतर गादीवर आलेल्या रहबामाची आई नामा, ती अम्मोनी. म्हणजे गुहेतल्या त्या दोन्ही बहिणींचे रक्त दाविदाच्या घराण्यात उतरले.

आपल्याकडे सोयरीक जुळवताना कुळी पाहतात, देवक पाहतात, मुलाचे आजोळ कोणते ते विचारतात. असल्या घराण्यात मुलगी द्यायला कोणता बाप धजला असता?

या वंशावळीकडे पाहण्याच्या दोन सोप्या वाटा आहेत. एक भाविकाची. ही सारी देवाची योजना. माणसे म्हणजे कळसूत्री बाहुल्या. यहूदा रस्त्यावर वळला काय, रूथ बवाजाच्या शेतात गेली काय, दोरी वरच्याच्या हातात. दुसरी वाट टीकाकाराची. माणसे वागायची तशी वागली. दावीद राजा झाल्यावर भाटांनी आणि शास्त्र्यांनी मागाहून तिथे ‘योजना’ चिकटवली. पहिली वाट धरली तर यहूदाचे पाप हे पाप राहत नाही आणि रूथेचे पुण्य पुण्य राहत नाही. दुसरी धरली तर मशीहाची आशा म्हणजे एका राजघराण्याची जाहिरात उरते. ज्यू विचारवंतांपैकी बहुतेकांनी या दोन्ही वाटा नाकारल्या. माझे मत असे, की त्यांचे खरे उत्तर त्यांच्या तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत शोधू नये. तत्त्वज्ञ मागाहून आले आणि एकमेकांशी भांडत बसले. उत्तर आहे ते या कुळकथांत, आणि ताल्मुद व मिद्राश या ग्रंथांतील रब्बींनी त्या कथा ज्या रीतीने वाचल्या त्या वाचनात.

तामारेचीच गोष्ट घेऊ. यहूदाचे दोन मुलगे एकामागून एक तिचे नवरे झाले आणि मेले. मूलबाळ न होता नवरा वारला तर दिराने भावाचा वंश चालवायचा, ही त्या समाजाची रीत. यहूदाने तिसरा मुलगा देतो म्हणून तिला माहेरी पाठवले आणि दिला नाही. हाही मरेल अशी त्याला भीती. वर्षे गेली. तामार बुरखा घेऊन वाटेवर बसली. सासऱ्याने ती वेश्या समजून जवळ केली आणि मोबदल्याची हमी म्हणून आपली मुद्रा, दोरा आणि हातातली काठी तिच्यापाशी ठेवली. तीन महिन्यांनी सून गरोदर असल्याचे कळताच तिला जाळा असा हुकूम याच गृहस्थाने सोडला. तिला बाहेर काढले तेव्हा तिने त्या तीन वस्तू पाठवून दिल्या आणि या कोणाच्या ते ओळखा, एवढेच विचारले. यहूदाने ओळखल्या, आणि ती माझ्यापेक्षा अधिक न्यायी आहे असे सर्वांसमक्ष कबूल केले.

‘उत्पत्ती’वरच्या मिद्राशात या प्रसंगावर एक विलक्षण भाष्य आहे. भाऊ योसेफाला विकण्याच्या उद्योगात, योसेफ आपल्या दुःखात, याकोब पुत्रशोकात, यहूदा बायको शोधण्यात असा जो तो आपापल्या कामात असताना देव मात्र मशीहाचा प्रकाश घडवण्याच्या कामात होता, असा त्याचा आशय. ही कल्पना मला फार मोठी वाटते. तिच्यात देव कोणाचा हात धरून काही करवून घेत नाही. माणसांचे उद्योग चालू, त्याचाही चालू. पण त्याच ग्रंथात थोडे पुढे दुसरे भाष्य येते: यहूदा त्या बाईजवळून सरळ पुढे निघाला होता, तेव्हा वासनेवर नेमलेल्या दूताला पाठवून देवाने त्याला मागे वळवले, नाहीतर राजे कोठून जन्मणार? हे मात्र पहिल्या वाचनात कोणालाही खटकावे. ही तर उघड कळसूत्री बाहुली झाली.

तरी रब्बींनी दूत कोठे थांबवला आहे ते पाहण्यासारखे आहे. दूत यहूदाला त्या बाईपर्यंत आणतो. पुढे त्याचे नावही नाही. मुद्रा आणि काठी समोर आली त्या क्षणी यहूदाच्या मागे कोणी दूत उभा नव्हता. तो गप्प बसला असता तर कोणाला कळले असते? ती जळाली असती, पोटातली जुळी जळाली असती, आणि राजेही तिथेच संपले असते. तामारेच्या बाजूनेही तेच. ताल्मुदातील पंडित आवर्जून सांगतात, की तिने सासऱ्याचे नाव घेतले नाही. चारचौघांत माणसाला लाजवण्यापेक्षा आगीत जाणे तिने पत्करले असते. म्हणजे वंश टिकला तो दोन मोकळ्या कृतींवर. एकीने नाव घेतले नाही, दुसऱ्याने स्वतः सांगितले. त्यानंतर, ताल्मुद म्हणतो, आकाशवाणी झाली, की ही गुप्त योजना माझी होती. आकाशवाणीची वेळ महत्त्वाची आहे. माणसाने आपला वाटा कबूल केल्यावर मग आकाश आपला वाटा सांगते. आधी सांगितले असते तर यहूदाला पळवाट मिळाली असती.

रूथेच्या कथेत तर दूतही नाहीत. दुष्काळामुळे बेथलेहेम सोडून मवाबात गेलेली नामी नवरा आणि दोन मुलगे गमावून परत निघते. थोरली-धाकटी असा भेद न करता दोन्ही सुनांना माहेरी जा म्हणते. अर्पा रडत परत जाते. ग्रंथ तिला दोष देत नाही. रूथ जात नाही. बेथलेहेमात आल्यावर ती लोकांच्या शेतांत मागे पडलेली कणसे वेचायला निघते आणि ‘योगायोगाने’ बवाजाच्या शेतात येते. मूळ हिब्रूत योगायोगाचा धातू दोनदा वापरला आहे, जणू लेखकाला डोळा मिचकावायचा आहे. चार अध्यायांच्या या छोट्या पुस्तकात देवाने स्वतः काही केले असे निवेदक दोनच ठिकाणी सांगतो: आरंभी त्याने आपल्या लोकांना भाकरी दिली, आणि शेवटी रूथेला गर्भ राहिला. मधले सारे माणसांनी केले. शेताचे कोपरे आणि पडलेली कणसे गरिबांना व परक्यांना सोडावीत हा कायदा; कायद्याच्या पलीकडे जाऊन मजुरांना मुद्दाम चार पेंढ्यांतली कणसे टाकायला सांगणारा बवाज; खळ्यावर रात्री कसे जायचे ते शिकवणारी नामी; आणि जायचे धैर्य करणारी रूथ.

आणखी एक माणूस त्या कथेत आहे, त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. बवाजापेक्षा जवळचा एक नातलग होता. त्याला शेत सोडवून घ्यायचे होते, पण त्याबरोबर मवाबी विधवेशी लग्न करावे लागेल म्हणताच तो मागे सरला. माझ्या वतनाला धक्का लागेल, म्हणाला. त्याने कायदा मोडला नाही. त्याच्या जागी तुम्हीआम्ही कदाचित तेच केले असते. ग्रंथ त्याला शिव्या देत नाही, फक्त त्याचे नाव लिहीत नाही. वेशीवर बवाज त्याला ‘अमक्या-तमक्या’ अशा अर्थाच्या शब्दाने हाक मारतो. मशीहाच्या वंशावळीत नाव येण्याची संधी ज्याला आधी मिळाली तो हा अमका-तमका. योजना जर लोखंडी रुळांसारखी असती तर या माणसाला विचारण्याचे नाटक कशाला हवे होते?

मिद्राशात एक रब्बी म्हणतात, की मूठभर भाजलेले धान्य मी रूथेला देतो आहे हे पुढे ग्रंथात लिहिले जाणार, असे बवाजाला कळते तर त्याने पुष्ट वासरांची मेजवानी दिली असती. वाक्य विनोदी आहे, परंतु त्यात मुद्द्याची गोष्ट दडली आहे. बवाजाला कळले नाही म्हणूनच त्याच्या मूठभर धान्याला किंमत आली. फोटो काढणारा समोर आहे म्हणून केलेले अन्नदान आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

यानंतरची अडचण कायद्याची आहे, आणि मला ती सर्वांत रसाळ वाटते. मोशेच्या धर्मशास्त्रात अम्मोनी व मवाबी यांना दहाव्या पिढीपर्यंतही देवाच्या मंडळीत घेऊ नये, असा स्पष्ट निर्बंध आहे. मिसरातून निघालेल्या इस्राएलांना त्यांनी वाटेत अन्नपाणी दिले नाही, उलट शाप देण्यासाठी बलामाला भाड्याने आणले, हे कारण. मग मवाबी रूथेचा पणतू राजा कसा होतो? ताल्मुदातील कथा अशी. दावीद गल्याथाशी लढायला निघाला तेव्हा शौल राजाने हा कोणाचा मुलगा म्हणून विचारले. दरबारातला दवेग हा विद्वान आणि कावेबाज माणूस. तो म्हणाला, राजपदाला योग्य आहे की नाही ते मागाहून विचारा. मंडळीत बसायला तरी योग्य आहे का ते आधी विचारा. वाद पेटला. शास्त्रात शब्द पुल्लिंगी आहे, मवाबी पुरुषाला बंदी आहे, मवाबी स्त्रीला नाही, असे एका पक्षाचे म्हणणे. प्रवाशांना अन्नपाणी घेऊन सामोरे जाणे पुरुषांचे काम, बायकांना त्या काळी वेशीबाहेर कोण जाऊ देत होते, असे त्याचे समर्थन. दवेग एकेक शंका काढत गेला आणि समोरचे निरुत्तर झाले. शेवटी अमासाच्या घरातला वीर तलवार उपसून उभा राहिला: हा निर्णय मी शमुवेलाच्या न्यायसभेतून ऐकला आहे, मान्य नसेल त्याने पुढे यावे.

येथे आकाशवाणी होत नाही. साऱ्या जगाच्या उद्धाराची वंशावळ एका शब्दाच्या लिंगावर आणि माणसांच्या न्यायसभेने लावलेल्या अर्थावर लोंबकळते. अर्थ लावणे हे माणसाचे काम, त्यात चूक होऊ शकते, जोर जबरदस्तीही होऊ शकते (त्या तलवारीकडे काणाडोळा कसा करावा?), तरीही देवाची योजना त्याच अरुंद वाटेने जाते. याच ताल्मुदात दुसऱ्या ठिकाणी असे मत आहे, की शौलाचे राज्य टिकले नाही ते त्याच्या कुळात काही खोट नव्हती म्हणून. पुढाऱ्याच्या पाठीशी सरपटणाऱ्या किड्यांची एक टोपली टांगलेली असावी; तो माजला तर त्याला मागे बघ म्हणता येते. कुळाच्या शुद्धतेवर गर्व करणाऱ्या कोणत्याही भाषेतील, कोणत्याही जातीतील मंडळींनी हे मत ध्यानात घेण्याजोगे आहे. बाराव्या शतकात बसवण्णांनी कुळाच्या अभिमानाचे काय केले ते आपल्या अंकाच्या शेजारच्या विभागातील मंडळींना सांगायला नको.

विधिलिखित असले म्हणून कृत्याचा दोष जातो का, या प्रश्नाला सर्वांत रोखठोक उत्तर बथशेबेच्या संदर्भात मिळते. ताल्मुदात असे मत नोंदले आहे, की बथशेबा सृष्टीच्या आरंभापासून दाविदासाठीच नेमलेली होती. परंतु त्याने ते फळ कच्चेच खाल्ले. आपल्या दारचा आंबा, आपलाच, तरी पाडाला लागायच्या आधी दगड मारून पाडला तर तो नासतोच. येथे तर त्यासाठी उरीयाचा जीव गेला. नाथान संदेष्ट्याने राजाला तोंडावर दोषी ठरवले, पहिले मूल गेले, घरात तलवार शिरली. हे तुझेच होते, हा युक्तिवाद दाविदाच्या बाजूने कोणी मांडलाच असता तरी नाथानाच्या न्यायसभेत तो टिकला नसता.

आता हिज्कीया राजाची गोष्ट. मला विचाराल तर या साऱ्या विषयाचा गाभा या एका संवादात आहे. हिज्कीया हा दाविदाच्या वंशातला सज्जन राजा, आजारी पडला. यशया संदेष्ट्याने येऊन तू मरणार असे सांगितले. ताल्मुद या भेटीचा विस्तार करतो. राजा विचारतो, माझा अपराध काय? तू लग्न करून मुले होऊ दिली नाहीस, हा. राजा म्हणतो, माझ्या पोटी दुष्ट संतती येणार हे मला पवित्र आत्म्याच्या दर्शनाने कळले होते. यावर यशयाचे उत्तर असे, की देवाच्या गुपितांशी तुला काय करायचे आहे? तुला जे करायला सांगितले ते तू करायचे; त्याला जे योग्य वाटेल ते तो करील.

राजाचे भाकीत खोटे नव्हते हे लक्षात घ्या. त्याने नंतर लग्न केले आणि मुलगा झाला तो मनश्शे, यहूदाच्या राजांतला अत्यंत दुष्ट. म्हणजे राजाला दिसलेले भविष्य खरे होते, तरीही त्यावर विसंबून कर्तव्य टाकणे चूक होते. का? कारण त्याला एकच पायरी दिसत होती. मनश्शेचा नातू योशीया, ज्याने धर्माची घडी पुन्हा बसवली, तो त्याला दिसला नव्हता. आपल्याकडे पत्रिका पाहून पाऊल मागे घेणारे लोक पुष्कळ. त्यांना हे उत्तर ऐकवावेसे वाटते. आणि गंमत अशी, की हाच हिज्कीया यशयापुढेही गप्प बसला नाही. निर्णय झालेला आहे असे संदेष्टा म्हणाला, तेव्हा तुझे भविष्यकथन आटोप आणि जा, असे त्याला सुनावले. मानेवर तलवार ठेवली असली तरी दयेची याचना सोडू नये अशी माझ्या घराण्याची शिकवण आहे, म्हणाला. त्याला पंधरा वर्षांचे आयुष्य वाढवून मिळाले. भविष्य माहीत आहे म्हणून कर्तव्य सोडू नये, आणि भविष्य सांगितले म्हणून प्रार्थनाही सोडू नये. दोन्ही एकाच प्रसंगात.

वंशावरचा शापही कायमचा नसतो. यिर्मयाने यकन्या राजाबद्दल सांगितले होते, की तो देवाच्या उजव्या हातातली मुद्रा असता तरी ती काढून फेकली जाईल, आणि त्याच्या संततीतला कोणी दाविदाच्या गादीवर बसणार नाही. बाबेलच्या बंदिवासानंतर, इ. स. पूर्व ५२० मध्ये, हाग्गय संदेष्टा यकन्याच्याच वंशातल्या जरूब्बाबेलाला देवाची मुद्रा म्हणतो. तोच शब्द. पश्चात्तापाने आणि बंदिवासाने शिक्षा फिटली, असे रब्बींनी यावर म्हटले. त्याहून आधी, नवव्या शतकात, अथल्या राणीने राजवंशातली मुले कापून काढली तेव्हा यहोशेबा नावाच्या एका आत्येने एक तान्हे बाळ, योवाश, उचलून लपवले आणि सहा वर्षे देवळात सांभाळले. सारी मशीहाची आशा त्या वेळी एका पाळण्यात होती. ‘असेल माझा हरी’ म्हणत यहोशेबा बसून राहिली असती तर?

तत्त्वज्ञांविषयी थोडक्यात. देवाला सारे आधीच दिसते आणि तरीही माणसाला मोकळीक आहे, ही दोन्ही विधाने दुसऱ्या शतकातल्या रब्बी अकीवाच्या नावे एकाच वचनात शेजारी शेजारी आहेत. ती जुळवण्याचे काम पुढच्यांवर पडले. बाराव्या शतकात मोशे बेन मैमोन, म्हणजे मैमोनिदेस, यांनी इच्छास्वातंत्र्य हा धर्माचा आधारस्तंभ मानला. ते नसेल तर आज्ञा आणि शिक्षा या दोहोंना अर्थ उरत नाही. मग देवाच्या पूर्वज्ञानाचे काय? त्याचे ज्ञान आपल्या ज्ञानासारखे नाही, ते आपल्या बुद्धीत मावत नाही, असे ते म्हणतात. त्यांचेच समकालीन टीकाकार अब्राहाम बेन दावीद यांनी ताशेरा मारला, की उत्तर देता येत नसेल तर प्रश्न उपस्थित करू नये. चौदाव्या शतकात गेर्सोनिदेस यांनी दुसरे टोक गाठले: माणूस मोकळेपणाने काय निवडील हे देवालाही आधी कळत नाही, सृष्टीची घडण मात्र कळते. स्पेनमधील हस्दाय क्रेस्कास यांनी १४१० च्या सुमारास उलट टोक गाठले: प्रत्येक निवडीला कारणे असतात आणि कारणांच्या दृष्टीने ती अटळ असते. १३९१ च्या दंगलीत बार्सिलोनात त्यांचा एकुलता मुलगा मारला गेला होता. असे दुःख भोगलेल्या माणसाने सारे अटळ होते असे म्हणावे, हे मला समजू शकते; पटत मात्र नाही. यहूदाची कबुली अटळ होती असे म्हटले की त्या कबुलीकडे पुन्हा पाहण्याचे कारणच उरत नाही.

मैमोनिदेस यांचे एक मत मात्र येथे फार उपयोगी आहे. मशीहा दाविदाच्या वंशातला असावा हे त्यांना मान्य आहे. परंतु तेवढ्याने कोणी मशीहा होत नाही. धर्माप्रमाणे चालणारा, लोकांना चालवणारा, त्यांच्यासाठी लढणारा असा कोणी निघाला तर तो मशीहा असावा असे धरून चालावे. मंदिर बांधून विखुरलेल्यांना त्याने एकत्र केले तर नक्की. अपयशी झाला किंवा मारला गेला तर दाविदाच्या घराण्यातल्या इतर चांगल्या राजांसारखाच तो एक. इ. स. १३२ ते १३५ मध्ये रोमनांविरुद्ध लढलेल्या बार कोखबाला खुद्द अकीवाने मशीहा मानले होते. तो मारला गेला, प्रश्न संपला. अकीवाची किंमत त्यामुळे कमी झाली नाही. जन्माने उमेदवारी मिळते, निकाल कृतीवर. उद्धाराच्या वेळेबद्दलही ताल्मुदाचा असाच दुहेरी हिशेब आहे: लोक पात्र ठरले तर तो लवकर, नाही ठरले तर नेमलेल्या वेळी.

आता या कथांचा दुरुपयोग. १६२६ साली स्मर्ना येथे जन्मलेल्या शब्बताय त्स्वीला १६६५ मध्ये गाझाच्या नाथानाने मशीहा म्हणून जाहीर केले. युरोपपासून येमेनपर्यंत ज्यूंनी घरेदारे विकायला काढली. १६६६ मध्ये सुलतानापुढे त्याने इस्लाम स्वीकारला. अनुयायांपैकी काहींनी तेही योजनेत बसवले: उद्धारकाला पापाच्या खोल खड्ड्यात उतरावेच लागते. पुढे पोलंडमध्ये याकोब फ्रँकच्या पंथाने या मताला उघड स्वैराचाराचे रूप दिले. गेर्शोम शोलेम यांनी १९३७ साली या ‘पापातून उद्धारा’वर जो निबंध लिहिला तो प्रसिद्ध आहे. अशा मनाला तामारेची आणि लोटाच्या मुलींची गोष्ट सोयीची वाटावी यात नवल नाही. पण त्या गोष्टींचा आधार त्यांना मिळत नाही. ताल्मुदातच तामार आणि जिम्री यांची तुलना आहे: दोघांनीही बाह्यतः व्यभिचार केला, एकीच्या वंशात राजे आणि संदेष्टे झाले, दुसऱ्यामुळे हजारो माणसे मेली. गुहेतल्या मुलींना वंश वाचवायचा होता असे म्हणून रब्बी त्यांना एका पारड्यात घालतात, आणि दारू चढल्याची सबब असलेल्या बापाला दुसऱ्या. तामारेला मशीहा माहीत नव्हता. तिला आपला हक्क आणि मूल हवे होते. मशीहा आणण्यासाठी म्हणून पाप करणारा माणूस या साऱ्या वंशावळीत एकही नाही.

या विषयाचा मराठीशी एक धागा आहे तो सांगतो. कोकणातले बेने इस्राएल, अष्टागरातले ‘शनवार तेली’, यांच्या घरी नवसाच्या वेळी पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचा मलिदा करून एलीया संदेष्ट्याचे स्मरण करतात. हा एलीया मशीहाच्या आधी येऊन वर्दी देणार अशी ज्यूंची श्रद्धा. मशीहाच्या आशेचा हा अस्सल मराठी पदार्थ. १९४८ नंतर यांतले हजारो लोक इस्रायलला गेले. तेथे १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने सूचना काढली, की बेने इस्राएलांपैकी कोणी बाहेरच्यांशी लग्न करू लागला तर त्याची आई, आजी, जमेल तितक्या मागच्या पिढ्या तपासून पाहाव्यात. शतकानुशतके बाकीच्या ज्यूंपासून तुटून राहिलेल्या, घाण्यावर तेल गाळणाऱ्या माणसांना दवेगाचाच प्रश्न नव्याने विचारला गेला. कागद कोठून आणणार? त्यांनी जेरुसलेममध्ये निदर्शने केली, मुंबईतही संताप उसळला. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेत हा विषय आला, बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत असे सरकारने सांगितले, आणि रब्बींनी त्या सूचनेतून त्यांचे नाव काढले. ज्याच्या कुळाबद्दल शंका असेल त्याची चौकशी करावी, एवढे सर्वसाधारण शब्द मात्र तिच्यात राहू दिले.